भैरवाचा काटा

मोहाच्या झाडाखाली दीडशे माणसं बसली होती, आणि त्यांच्या मांडीवर, टोपल्यांत, पोत्यांत मिळून चाळीस-पन्नास कुत्री-मांजरं. माणसं देवाच्या दारात आपली दुखणी घेऊन येतात. हिरडीटोल्यात त्या हिवाळ्यात मुक्या जिवांची रांग लागली होती. दवनीवाड्याहून ऑटो भरभरून येत होते. मुर्रीचा एक गडी मोटरसायकलवर मागे बायको, बायकोच्या मांडीवर गाठोडं आणि गाठोड्यातून मान टाकलेली मांजर, अशी वरात घेऊन आला होता.

मान टाकलेली. साऱ्या जनावरांची हीच खूण होती. हनुवटी छातीला टेकलेली, मागचे पाय लटपटणारे, डोळे फाकलेले. काही कुत्री जागच्या जागी गोल फिरत आणि झाडाला धडकत. गाव त्यांना पिसाट म्हणे. यंदा बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरच्या भैरवाला कोंबडं चढलं नाही, म्हणून भैरवाने आपल्याच वाहनाची मान धरली, असा गावाचा निवाडा होता. मांजर भैरवाचं वाहन कधीपासून झालं, हे कोणी विचारलं नाही.

धरलेली मान सोडवायला सेवकराम महाराज बसले होते. अंगात भगवी बंडी, तिच्या बाह्या मनगटापर्यंत, आणि हातात वीतभर लांब, काळा-पांढरा साळींदराचा काटा.

"सायंस म्हणते, इंजेक्शन लावा!" महाराज गरजले. "इंजेक्शनची सुई कायची? लोखंडाची. लोखंड कोणाचं? शनीचं! आन हा काटा कोणाचा? जंगलाचा! याले कंपनी नाई, याले कारखाना नाई, याले एक्सपायरी डेट नाई!"

"बोला, भैरवबाबा की जय!"

"कुवारी पोरगी आना. कुवारीनं मान धरल्याशिवाय भैरव सोडत नाई."

मुर्रीच्या बाईने शेजारची एक मुलगी पुढे केली. मुलीने मांजरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. महाराजांनी डोळे मिटले, काटा मांडीच्या मांसात टोचला आणि ओठ हलवत दहा आकडे मोजावेत इतका वेळ तिथेच ठेवला. मग मांजर मंडपामागच्या झोपडीत गेली. नियम असा की जनावर एक रात्र भैरवाजवळ राहायचं.

चमत्कार दुसऱ्या दिवशी दिसायचा. शनिवारी आणलेलं एक पिवळं कुत्रं चेल्यांनी त्या वेळी बाहेर आणलं. आणताना मान पोटाशी होती. आता ते चार पायांवर उभं होतं, शेपूट हलवत होतं. त्याने मोहाच्या बुंध्याला पाय वर केला, आणि धार पडली ती हळदीसारखी पिवळीजर्द.

"पाहा! भैरवाची हळद निघाली!"

माणसं खरोखर रडली. एका म्हाताऱ्याने त्या ओल्या मातीचा टिळा लावला.

गर्दीच्या कडेला आपल्या स्कूटीला टेकून रीता कटरे हे बघत होती. रीता गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होती. गाव तिला नुसतं म्याडम म्हणे. पिवळी धार तिने पाहिली आणि वाऱ्यावर आलेला आंबूस, औषधी वास तिच्या नाकाला लागला. तो वास तिच्या हातांना अकरा वर्षं येत होता. ब जीवनसत्त्वाच्या सुईचा वास.

सेवकरामही तिच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी तो तिच्याच दवाखान्यात रोजंदारीवर जनावरं धरायला होता. सुलोचनाबाई पटलेंची मांजर अशीच मान टाकून आली तेव्हा त्यानेच ती धरली होती. रीताने तिला ब जीवनसत्त्वाची सुई दिली, आणि दुसऱ्या दिवशी मांजर चालत घरी गेली. सुलोचनाबाईंनी हात जोडले तेव्हा रीता हसून म्हणाली होती, "चमत्कार झाला म्हणा." घाईत होती. मांजरीला काय झालं होतं, हे सांगायला पाच मिनिटं लागली असती.

आज ती पाच मिनिटं दीडशे माणसांसमोर घालवायची होती. दुसऱ्या दिवसापासून लाळ्या-खुरकुताचं लसीकरण होतं, अकरा गावं होती. आणि काटा कसाही असो, आत जाणारं औषध खरं होतं. मुक्या जिवाला मिळतंय तर मिळू दे, असं मनाशी म्हणत रीताने स्कूटी सुरू केली.

त्यानंतर महिन्याने, जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी ती गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात रांगेत उभी होती. जनावरांत काम करणाऱ्यांना श्वानदंशाची लस अधूनमधून घ्यावी लागते. रांगेत तिच्यापुढे चौथा माणूस निळा टी-शर्ट आणि माकडटोपी घालून उभा होता. उजव्या पंजाला पट्टी होती.

"सेवकराम कौन है?" नर्सबाई ओरडल्या. "आस्तीन ऊपर करो भैया. दूसरा डोस है ना? अब सोमवार को आना, भूलना मत."

सेवकरामने मुकाट्याने बाही वर केली. सुई लोखंडाची आहे की जंगलाची, हे विचारलं नाही. वळला तो थेट रीतासमोर.

"का गा महाराज," रीता म्हणाली, "भैरवबाबा सुट्टीवर गेले का?"

"म्याडम, हळू बोला ना."

"कोणतं कुत्रं चावलं?"

"असंच. गल्लीतलं."

"मग काटा टोचून घ्याचा होता."

तो ओशाळं हसला. "तुमीच सांगत होत्या ना म्याडम, कुत्रं चावलं का पयले सुई, बाकी सारं मंग."

"आणखी कोणाले चावलं ते?"

"नाई, कोणालेच नाई," असं म्हणत तो बाहेर पडला. पण म्हणताना त्याने खाली पाहिलं होतं. अकरा वर्षं जनावरांचे मालक खोटं बोलताना पाहिलेल्या रीताला तेवढं पुरे होतं.

हिरडीटोल्याच्या पहिल्याच घरात उत्तर मिळालं. ते घर केवलरामचं. एकटा राहणारा म्हातारा. अंगणात त्याच्या कुत्र्याची, भुऱ्याची, साखळी रिकामी पडली होती.

"मेला मंगळवारी," केवलराम म्हणाला. "रविवारी काटा टोचला, पण माह्यं पाप मोठं होतं म्हणून गेला, असं महाराज म्हणून रायले."

"मान टाकली होती का त्यानं?"

"मान तर सीधी होती. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. चार दिवस पानी नाई पेला. आवाज असा बसला होता, जसा कोणी गळा दाबून रायला. लाकूड चावे, माती चावे."

 हा कुपोषणाचा कुत्रा नव्हता. हा खरोखरचा पिसाळलेला होता.

"त्याची मान कोणी धरली?"

"माह्या घरी कुवारी कोन आहे? बाजूच्या ओमेशची आचल धरायले आली. काटा लागला आन भुऱ्यानं पोरीचा हात धरला. मंग महाराजाचा पंजा. मी जबडा ओढून सोडवला."

रीताने पुढचं ऐकलं नाही. ती कुंपण ओलांडून ओमेश पटलेच्या अंगणात गेली.

आचल आठ वर्षांची. ओट्यावर बसून डाव्या हाताने पाढे लिहीत होती, कारण उजव्या तळव्यात दातांच्या दोन खोल खुणा होत्या आणि जखमेत हळद-चुना भरला होता. मनगटाला कवडी ओवलेला काळा धागा होता.

"आधी हे धुवा," रीता म्हणाली. "साबण आणि वाहतं पाणी. मग गोंदियाला. आत्ताच्या आत्ता."

सुलोचनाबाई, म्हणजे आचलची आजी, दारात आडव्या आल्या. "नाई बाई. एकवीस दिवस पोरीच्या आंगाले सुई लावाची नाई. लावली का धागा उलटते."

"कोण म्हणालं?"

"महाराज म्हणले. अशा वीस पिसाट कुत्र्यायले त्यायनं उभं केलं, म्याडम. डोळ्यानं पाह्यलं आमी. कुत्र्याचं पिसाटपन उतरवते, तर त्याच्या चाव्याचं नाई उतरवत का?"

गावाची चूक या एका वाक्यात मावत होती. त्या वीस कुत्र्यांत पिसाळलेलं एकही नव्हतं.

"ओमेश," रीता मुलीच्या बापाकडे वळली, "हा रोग एकदा दिसला का त्याच्यावर औषध नाही. दिसायच्या आधीच सुई लागते. चार दिवस गेले. आणखी किती घालवता?"

ओमेश हातातला विळा उगाच पुसत होता. "म्याडम, तुमी कायले खोटं बोलाल? पन महाराज तरी कायले खोटं बोलन? आईचं मन मोडून नेली आन पोरीले काई झालं, तर मी घरात तोंड कसं दाखवू?"

"त्या महाराजानं आज सकाळी स्वतः सुई घेतली. माझ्यासमोर."



"खोटं," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"चला. पोरीलेही घ्या. त्यालेच विचारू."

शनिवार-रविवारसारखी गुरुवारीही बैठक असे. दोनच्या गाडीने परतलेले महाराज भगवी बंडी चढवून मोहाखाली बसले होते. पट्टी सोडून पंजावर शेंदूर फासला होता. समोर एका बाईच्या मांडीवर मान टाकलेली मांजर होती आणि काटा टोचायच्या बेतात होता.

"थांब," रीता म्हणाली. "रविवारी भुऱ्या तुझ्या पंजाले चावला. तुझा धागा कुठं आहे?"

"ज्याच्या आंगात भैरव, त्याले धागा कायले?"

"आज सकाळी कुठं होतास?"

"ध्यानात."

"ध्यानात नर्सबाईनं दंडाले सुई टोचली ते समजलं नाही वाटते."

कोणी तरी फिसकन हसलं. चेल्यांनी रीताला ढकललं. "म्याडम, घरी जा. सरकारी नोकरी आहे ना? मंग देवाच्या कामात कायले तंगडी टाकता?"

महाराजांनी आवाज चढवला. "भैरवबाबा म्हणते, अविश्वासी बाई आली! आज काटा चालनार नाई!" आणि झोळी उचलून ते झोपडीकडे निघाले.

तेवढ्यात ओमेशने झोळी धरली. ओमेश गावात कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण चार दिवस मुलीचा हात बघत बसलेला बाप होता तो. त्याने हिसडा दिला आणि झोळी उलटी झाली.

काचेच्या पिवळ्या कुप्या पडल्या. सिरिंजा पडल्या. आणि एक घडी घातलेलं कार्ड पडलं. ओमेशने ते उचलून मोठ्याने वाचलं. नाव सेवकराम. चावा कुत्र्याचा, रविवारचा. पहिला डोस सोमवारी. दुसरा आज. पुढच्या दोन तारखा लिहिलेल्या.

"तुमी सोमवारी सुई घेतली," ओमेश म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, फुटला. "आन माह्या पोरीले धागा बांधला."

सेवकरामने उत्तर दिलं ते फक्त ओमेशला ऐकू जाईल इतक्या हळू. पण रीता जवळ होती. "तिले सुई घे म्हटलं असतं, तर उद्या इथं कोन आलं असतं?"

ओमेशचा हात वर गेला. रीताने तो धरला. "नंतर. आधी ऑटो आण."

ऑटो यायला दहा मिनिटं होती. महिन्याभरापूर्वी टाळलेली पाच मिनिटं रीताने आता खर्ची घातली. तिने सेवकरामच्या हातातला काटा ओढून घेतला आणि मधोमध मोडला. आत लाखेने बसवलेली बारीक सुई होती, सुईला सलाईनची केसासारखी नळी, आणि नळी भगव्या बाहीतून काखेत. काखेत सिरिंज. हात अंगाशी दाबला की औषध आत. तिने एक कुपी फोडून सुलोचनाबाईंच्या नाकाशी धरली.

"वास ओळखता?"

"भैरवाच्या काट्याचा," म्हातारी पुटपुटली.

"तुमच्या मांजरीले मी दोन वर्षांआधी हेच दिलं होतं. तेव्हाही लघवी पिवळी झाली होती. औषधाचाच रंग आहे तो, हळदीचा नाही. आता ऐका. आधी आपण धान कुटून खात होतो, भातात कोंडा राहत होता, तोच भात कुत्र्याले जात होता. आता गिरणीत तांदूळ पांढराफेक होते आणि कोंडा तेलाच्या कारखान्यात जाते. वरून हिवाळ्यात बोडी आटते, मासळीची कच्ची डोकी आपण कुत्र्या-मांजरायले टाकतो. तांदळात जीवनसत्त्व उरलं नाही, आणि थोडं पोटात गेलं तर कच्ची मासळी ते नासवते. म्हणून मान पडते. हा बाबा एरवी मान पडलेलं जनावरच घेते, रात्रभर ठेवून आणखी दोन सुया देते. घरी पाठवताना पथ्य काय सांगते?"

"मासळी बंद, कोंड्याची भाकर," मांजरवाली बाई म्हणाली.

"तेच औषध आहे. भैरव नाही, कोंडा. आणि पिसाळलेल्या कुत्र्याले हे कितीही टोचा, पाणी टोचल्यासारखं आहे. चावलेल्या माणसालेही."

लोक कुप्यांकडे बघत होते. एकाने सेवकरामच्या दिशेने थुंकलं. दोघे जण मोडलेल्या काट्याचे तुकडे कपाळाला लावत होते. मांजरवाल्या बाईने रीताचा पदर ओढला.

"म्याडम, तुमचं सारं खरं. पन एवढ्या दुरून आली मी. माह्या मांजरीले तेवढा काटा लावू द्या ना त्यायले."

ऑटो आला. ओमेशने मुलीला उचलून घेतलं. सुलोचनाबाई आडव्या आल्या नाहीत. पण मनगटावरचा धागाही त्यांनी सोडू दिला नाही. रीताने वाद घातला नाही. तिला सुईशी मतलब होता.

चढता चढता तिला केवलराम दिसला. त्याच्या मनगटालाही काळा धागा होता.

"तुमाले कुठं लागलं का बाबाजी, जबडा ओढताना?"

"मले कुठं चावला? जरासं खरचटलं. म्हातारं हाड आहे."

"खरचटलं तरी सुई लागते. चला."

"तुमी पोरीले न्या. मी उद्या येतो."

त्या संध्याकाळी दवाखान्यात आचलची जखम साबणाने धुतली गेली, तीत औषध भरलं गेलं आणि पहिली लस लागली. मग तिसऱ्या दिवशी, सातव्या, अठ्ठाविसाव्या. प्रत्येक वेळी ओमेश स्वतः घेऊन गेला. चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून गंडेदोरे बांधणं हा या राज्यात गुन्हा आहे. रीताने लेखी तक्रार दिली. साक्षीला सही करायला दीडशेतला एक माणूस आला, तो ओमेश. सेवकराम वाघ नदीपलीकडे, दुसऱ्या राज्यात गेला. तिकडेही तांदूळ पांढरा होतो आणि तलाव आटतात. तिकडे तो आता गायींच्या वांझपणावर बसतो, असं कोणी तरी सांगत होतं.

केवलराम दुसऱ्या दिवशी आला नाही. रीताची अकरा गावं होती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने पाण्याचा लोटा तोंडाशी नेला आणि फेकून दिला. दोन दिवस तो पंख्याच्या वाऱ्यालाही भ्यायला. तिसऱ्या दिवशी गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता.

तेरवीला रीता गेली. जेवणाच्या पंगतीत बोलणं चालू होतं.

"बुढ्यानं पथ्य मोडलं. मासळी खाल्ली असन."

"आन आपल्या आचलले पाहा कशी टणटणीत आहे. धागा फळला पोरीले."

सुलोचनाबाईंनी मान डोलावली. "कोनी काई म्हनो. माही नात धाग्यानंच वाचली."

रीता वाढलेल्या पानावरून उठली.

"तीन माणसं होती," ती म्हणाली. "एका दुपारी, एका कुत्र्यानं धरली. सेवकरामनं सुई घेतली, धागा नाही बांधला. तो जिवंत आहे. आचलले सुईही होती, धागाही होता. ती जिवंत आहे. केवलरामबाबाले नुसता धागा होता. आता सांगा, कोणी वाचवलं?"

 वरणाची बादली घेऊन चालणारा माणूस थबकला. आचल आजीच्या मांडीला टेकून बसली होती. तिने बोटांवर तिघांना मोजलं आणि विचारलं,

"मंग केवल आजाले सुई काऊन नाई देल्ली?"

पंगतीत ज्याने त्याने आपल्या पानाकडे पाहिलं. मुलीला उत्तर रीताने दिलं.

"आम्ही त्याले एकदाच विचारलं, बाळा. दुसऱ्यांदा विचारायले कोणी गेलं नाही. मीही नाही गेली."

या गोष्टीत चमत्कार कुठेही नाही. मान पडलेल्या मांजरीला कोंडा आणि ब जीवनसत्त्व हवं असतं, आणि पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला लस. एकाच्या गुणाने दुसऱ्याचं भागत नाही. कुत्रं चावो, नख लागो, जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. चुना नको, हळद नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, आणि सांगितलेल्या तारखा एकही न चुकवता पुऱ्या करा. एवढं झाल्यावर मनाचं समाधान म्हणून कोणाला धागा बांधायचा असेल तर बांधावा. आणि शेजारचा म्हातारा उद्या येतो म्हणाला, तर उद्या सकाळी त्याच्या दारात जाऊन उभं राहावं.